‘पाणी’ आणि ‘पानी’ : जुन्नर-आंबेगाव परिसरातील मराठीची ध्वनिव्यवस्था

प्रस्तावना

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे दोन महामार्ग ज्या ठिकाणी एकमेकांस छेदतात, ते आळेफाटा हे जुन्नर तालुक्यातील व्यापाराचे व दळणवळणाचे एक प्रमुख केंद्र आहे. माळशेज घाटाकडून आलेला प्रवासी, बेल्हे व पारनेरकडचा शेतकरी, नारायणगाव-मंचरचा व्यापारी आणि संगमनेरहून आलेला विद्यार्थी या सर्वांची मराठी येथे एकाच वेळी कानी पडते. या मराठीत ‘पाणी’ हा शब्द अनेकांच्या तोंडी ‘पानी’ असा येतो. ‘वेळ’ची ‘येळ’ होते, ‘विहीर’ची ‘इहीर’ होते आणि ‘ओळख’ची ‘वळख’ होते. घरी आणि शिवारात हे उच्चार कोणाच्याही कानास खटकत नाहीत. शाळेच्या वर्गात मात्र तेच उच्चार ‘अशुद्ध’ ठरतात आणि ते करणारे मूल हळूहळू बोलण्याचेच टाळू लागते.

आळे या गावी, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी परंपरा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. त्या कथेचा ऐतिहासिक विचार येथे अभिप्रेत नाही. तथापि शुद्ध उच्चाराचा अधिकार कोणाला, हा त्या कथेच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही निकालात निघालेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखात मराठीच्या ध्वनिव्यवस्थेची ओळख या परिसरातील शब्दांच्या व ग्रामनामांच्या आधारे करून दिली आहे. बोलीतील उच्चार हे प्रमाण उच्चारांची बिघडलेली रूपे नसून त्यांनाही प्रमाणभाषेइतकेच काटेकोर नियम असतात, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा मुख्य उद्देश आहे. लेख भाषाशास्त्राच्या अभ्यासकांबरोबरच अन्य विषयांच्या वाचकांसाठी, विशेषतः शिक्षकांसाठी, लिहिला असल्याने पारिभाषिक संज्ञांचा वापर आवश्यक तेवढाच केला आहे.

१. ध्वनी आणि स्वनिम

मानवी मुखातून असंख्य ध्वनी निर्माण होऊ शकतात. कोणतीही भाषा त्यांपैकी मोजकेच ध्वनी अर्थभेदासाठी वापरते. ‘पाट’ आणि ‘पाठ’ या दोन शब्दांत केवळ ट आणि ठ एवढाच फरक आहे. पण त्या फरकाने अर्थ बदलतो. अशा अर्थभेदक ध्वनिघटकास ‘स्वनिम’ असे म्हणतात. ज्या दोन शब्दांत एकाच ध्वनीचा फरक असतो, त्या जोडीस ‘लघुतम युग्म’ म्हणतात. दोन ध्वनी उच्चारात वेगळे असले, तरी त्यांच्या अदलाबदलीने अर्थ बदलत नसेल, तर ती एकाच स्वनिमाची दोन रूपे, म्हणजे ‘स्वनांतरे’, समजली जातात.

ही निवड प्रत्येक भाषेत निराळी असते. इंडोनेशियातील दक्षिण सुलावेसी प्रांताच्या डोंगराळ भागात बोलली जाणारी टोराजा ही भाषा याचे उत्तम उदाहरण आहे. ती ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलातील असून तिच्यात इ, ए, आ, ओ, उ असे पाच स्वर आहेत. मराठीतील ख, घ, ठ, ढ, फ, भ यांसारखे महाप्राण व्यंजन तिच्यात अर्थभेदासाठी वापरले जात नाही. याउलट, घसा क्षणभर पूर्णपणे बंद करून निर्माण होणारा कंठद्वारीय स्पर्श हा त्या भाषेचा महत्त्वाचा स्वनिम आहे. आपणही नकार दर्शविण्यासाठी ‘अं-अं’ असा हुंकार देतो, तेव्हा दोन स्वरांच्या मध्ये नेमका हाच ध्वनी येतो. मात्र त्याच्यासाठी आपल्याकडे अक्षर नाही आणि मराठीतील कोणत्याही दोन शब्दांचा अर्थ त्याने वेगळा होत नाही. टोराजात तो शब्दाचा अविभाज्य भाग असतो. या भाषेचे ‘ताए’ हे दुसरे नाव त्या भाषेतील नकारार्थी शब्दावरून पडले असून त्याच्या शेवटी हाच स्पर्श आहे. रोमन लिपीत लिहिताना तो ऊर्ध्व स्वल्पविरामासारख्या चिन्हाने दाखवितात.

टोराजा भाषकास ‘पाट’ व ‘पाठ’ यांतील भेद चटकन ऐकू आला नाही, तर त्याच्या जिभेत किंवा बुद्धीत दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या भाषेची व्यवस्था वेगळी आहे, एवढेच आपण म्हणू. आपल्याच तालुक्यातील मुलाच्या उच्चारांकडे पाहताना ही समतोल दृष्टी आपण सहसा ठेवीत नाही.

२. एक अक्षर, दोन ध्वनी : च, ज, झ

देवनागरी लिपी ‘जशी लिहावी तशी वाचावी’ अशी आहे, असे वारंवार सांगितले जाते. मराठीच्या बाबतीत हे विधान पूर्णतः खरे नाही. ‘चार’ (संख्या) आणि ‘चारा’ (वैरण) या शब्दांतील च सारखा लिहिला जातो, परंतु सारखा उच्चारला जात नाही. पहिला च तालव्य आहे. त्याच्या उच्चारात जिभेचा मध्यभाग टाळूकडे जातो. दुसरा दंततालव्य आहे. त्यात जिभेचे टोक दातांच्या मागील भागास लागते. ज व झ यांचेही असेच दोन-दोन उच्चार आहेत. ‘सारे जग’ आणि ‘पाण्याचा जग’ हे शब्दप्रयोग मोठ्याने उच्चारून पाहिल्यास फरक लगेच जाणवतो. दुसरा ‘जग’ इंग्रजीतून आलेला असला, तरी आज तो मराठी स्वयंपाकघरातील शब्द आहे; त्यामुळे हे लघुतम युग्म मराठीचेच मानावे लागते.

या भेदामागे इतिहास आहे. मराठीच्या मूळ शब्दांत च, ज, झ यांच्यापुढे इ किंवा य आल्यास उच्चार तालव्य राहिला. अन्यत्र तो सामान्यतः दंततालव्य झाला. म्हणून ‘माझा’मधील झ दंततालव्य, तर ‘माझी’ आणि ‘माझ्या’ यांतील झ तालव्य आहे. ‘चार’ या शब्दाचे जुन्या मराठीतील रूप ‘च्यारि’ असे होते. त्यातील य लुप्त झाला, पण त्याची खूण च्या उच्चारात टिकून राहिली. संस्कृतातून थेट घेतलेल्या आणि परभाषांतून नंतर आलेल्या शब्दांत मात्र तालव्य उच्चारच कायम राहतो. त्यामुळे ‘चूर्ण’ आणि ‘चुना’, तसेच ‘जीर्ण’ आणि ‘जुना’ या एकाच मुळाच्या जोड्यांत पहिला शब्द तालव्य व दुसरा दंततालव्य उच्चारला जातो.

‘जुन्नर’ हे नावही याच मालिकेतील आहे. ‘जीर्णनगर’ ही त्याची सामान्यतः सांगितली जाणारी व्युत्पत्ती ध्वनिनियमांशी सुसंगत आहे. ‘जीर्ण’चे प्राकृतात ‘जुण्ण’ होते आणि ‘नगर’मधील ग लुप्त होऊन ‘नअर’ व पुढे ‘नर’ असे रूप मिळते. जुन्नर, मंचर आणि ओझर या नावांतील ज, च, झ दंततालव्य आहेत. ही नावे रोमन अक्षरांतील फलकावर लिहिली की हा भेद दिसत नाही. पण तो देवनागरीतही दिसत नाही, याकडे आपले लक्ष जात नाही. येथील मूल हा भेद कोणीही न शिकविता, अक्षरओळख होण्यापूर्वीच अचूक पाळते.

३. दोन अक्षरांनी लिहिलेला एक ध्वनी : म्ह, न्ह, ल्ह

याच्या उलट स्थिती म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह यांची आहे. लिपीत ही जोडाक्षरे आहेत. उच्चारात मात्र ती म, न, ल, व, र यांची महाप्राण रूपे आहेत. क आणि ख यांत जो संबंध आहे, तोच ल आणि ल्ह यांत आहे. जुन्नर तालुक्यातील ‘बेल्हे’ आणि आंबेगाव तालुक्यातील ‘म्हाळुंगे पडवळ’ ही ग्रामनामे त्याची सहज मिळणारी उदाहरणे आहेत. ‘जिल्हा’, ‘कोल्हा’, ‘पुन्हा’, ‘म्हैस’, ‘वऱ्हाड’ हे शब्दही तसेच.

छंदःशास्त्राने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर सामान्यतः गुरू मानले जाते, कारण त्यावर आघात येतो. पण ‘पुन्हा’ या शब्दातील ‘पु’वर असा आघात येत नाही; म्हणून ते अक्षर लघूच धरले जाते. म्हणजेच कान न्हला एकच व्यंजन मानतो, लिपी त्याला दोन मानते.

मराठी कान किती सूक्ष्म भेद करतो हे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोडीवरूनही दिसते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. येथे र पहिल्या अक्षरास जोडून ‘दर्-या’ असा उच्चार होतो. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, येथे र पुढच्या अक्षराकडे जातो आणि ‘द’ लघू राहतो. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. या भेदासाठी मराठी लेखनाने अर्ध्या र चे स्वतंत्र चिन्ह वापरले. च, ज, झ यांच्या भेदासाठी मात्र सर्वसामान्य लेखनात तसे चिन्ह रूढ झाले नाही. लिपी कोणता भेद दाखवील हे परंपरेने ठरते. त्यामुळे लिपीत दिसते तेवढीच भाषा, असे समजणे योग्य नाही.

४. ण आणि न, ळ आणि ल

आता लेखाच्या शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, तसेच देशावरील अन्य अनेक भागांत, प्रमाण मराठीतील ण च्या जागी न ऐकू येतो : पानी, लोनी, कोन, आनि. याचे कारण उच्चारातील आळस किंवा अज्ञान हे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे, हे तपासून पाहता येते.

‘पानी’ म्हणणारी व्यक्ती ‘अंडं’, ‘घंटा’, ‘मंडई’ हे शब्द कसे उच्चारते याकडे लक्ष द्यावे. या शब्दांत ट, ड यांच्या आधी येणारा अनुनासिक ध्वनी स्पष्टपणे मूर्धन्य, म्हणजे ण च, असतो. ‘चावंड’ या किल्ल्याचे नावही ती ण सह उच्चारते. ‘आळे’, ‘पिंपळवंडी’, ‘डोळा’ यांतील ळ तर मूर्धन्यच आहे आणि तो या बोलीत अबाधित आहे. तेव्हा जीभ मागे वळविण्याची क्षमता या भाषकांत निश्चितच आहे. फरक एवढाच की, त्यांच्या व्यवस्थेत ण हा स्वतंत्र स्वनिम राहिलेला नसून तो ट-वर्गापूर्वी येणारे न चे स्वनांतर झाला आहे. स्वरानंतर न आणि ट-ड पूर्वी ण, असा हा नियम आहे आणि तो अपवादाशिवाय पाळला जातो.

या बदलाची किंमतही असते. ‘तन’ (शरीर) आणि ‘तण’ (शेतातील निरुपयोगी गवत), ‘जन’ आणि ‘जण’, ‘मन’ आणि ‘मण’ या जोड्यांतील ध्वनिभेद बोलीत नाहीसा होतो. अर्थ संदर्भावरून समजून घ्यावा लागतो. खुरपणीच्या वेळी ‘तन काढायचंय’ हे वाक्य ऐकून कोणाचाही घोटाळा होत नाही, ही गोष्ट वेगळी. सर्वच भाषा काही भेद सोडतात आणि काही नव्याने निर्माण करतात.

प्रमाण मराठीतील ण आणि न तरी कोठून आले, हे पाहिल्यास विषय अधिक स्पष्ट होतो. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी न चा मराठीत ण झाला : पानीय-पाणी, जन-जण, भगिनी-बहीण, नवनीत-लोणी. याउलट, जोडाक्षरातील ण प्राकृतात द्वित्त होऊन मराठीत न झाला : पर्ण-पण्ण-पान, कर्ण-कण्ण-कान, चूर्ण-चुना, जीर्ण-जुना, स्वर्ण-सोने. म्हणजे जेथे संस्कृतात न होता तेथे प्रमाण मराठीत ण आहे आणि जेथे ण होता तेथे न आहे. ‘पानी’ म्हणणे अशुद्ध ठरत असेल, तर त्याच न्यायाने ‘कान’ आणि ‘पान’ म्हणणेही अशुद्ध ठरेल. आपण ‘कान’ला अशुद्ध म्हणत नाही, कारण तो बदल पूर्वी झाला आणि प्रतिष्ठितांच्या बोलण्यात रुळला. ‘पानी’ हा बदल खेड्यातील बोलण्यात रुळला. दोहोंतील भेद ध्वनीच्या शुद्धतेचा नसून सामाजिक प्रतिष्ठेचा आहे.

ळ आणि ल यांचा इतिहास अगदी समांतर आहे. एकेरी ल चा ळ झाला : फल-फळ, मूल-मूळ, काल-काळ. द्वित्त ल्ल चा ल राहिला : तैल-तेल्ल-तेल, बिल्व-बिल्ल-बेल, गल्ल-गाल. ‘काळ’ (समय) आणि ‘काल’ (आदला दिवस) या लघुतम युग्मात हे दोन्ही नियम एकत्र दिसतात. पहिला शब्द संस्कृत ‘काल’वरून, तर दुसरा ‘कल्य’-‘कल्ल’वरून आला आहे. जुन्नर-आंबेगावच्या बोलीने ण-न हा भेद सोडला, पण ळ-ल हा भेद जपला. खानदेशात व वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, उत्तर कोकणातील कोळी बोलीत ‘डोला’ होतो. प्रत्येक बोलीने वारसा निराळ्या रीतीने वाटून घेतला आहे. ‘नाणेघाट’ आणि ‘नानेघाट’ अशी एकाच घाटाच्या नावाची दोन्ही लेखने आजही प्रचारात आहेत, हा या वाटणीचाच परिणाम म्हणता येईल.

५. ‘येळ’, ‘इहीर’ आणि ‘वळख’ यांमागील नियम

वेळ-येळ, वेडा-येडा, वीस-ईस, विहीर-इहीर, विठोबा-इठोबा ही रूपे एकत्र ठेवली की एक नियम दिसतो. शब्दारंभीचा व फक्त इ, ई आणि ए यांच्यापूर्वीच जातो. ‘वाट’, ‘वड’, ‘वस्ती’ यांतील व कोणीही सोडत नाही. आळसाने व गाळला जात असता, तर तो सर्वत्र गाळला गेला असता.

दुसऱ्या बाजूस ओळख-वळख, ओढा-वढा, ओटा-वट्टा ही रूपे पाहावीत. येथे आरंभी व नव्याने आलेला आहे. या दोन्ही प्रक्रिया परस्परविरोधी वाटल्या, तरी त्यांचे सूत्र एकच आहे. इ-ए हे स्वर जिभेच्या पुढील भागाने उच्चारले जातात आणि त्यांच्याशी य चे सख्य आहे. ओ चा उच्चार ओठ गोल करून होतो आणि त्याच्याशी व चे सख्य आहे. शब्दारंभीच्या ए पूर्वी य येतो (एक-येक), ओ पूर्वी व येतो. ‘वेळ’मधील व त्याच्या पुढील स्वराशी न जुळणारा असल्याने जातो आणि त्याची जागा जुळणारा य घेतो. ‘येक’ हा उच्चार तर शहरी सुशिक्षितांच्या बोलण्यातही सर्रास आढळतो. तो लिहिला जात नाही, म्हणून खटकत नाही.

६. लेण्यांतील शिलालेखांची साक्ष

ध्वनिपरिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्यास जुन्नरइतकी अनुकूल भूमी क्वचितच लाभते. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीच्या पुष्ट्यर्थ ज्या पुराव्यांची चर्चा झाली, त्यांत नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखाला महत्त्वाचे स्थान होते. राणी नागनिकेशी संबंधित हा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्यात ‘महारठि’ हा शब्द आहे. ‘राष्ट्र’मधील ष्ट्र या अवघड जोडाक्षराचे तेथे ठ झालेले आहे.

मानमोडी डोंगरातील लेण्यात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा दानलेख आहे. त्यात ‘महाक्षत्रप’च्या जागी ‘महाखतप’, ‘स्वामी’च्या जागी ‘सामि’, ‘देयधर्म’च्या जागी ‘देयधम’ अशी रूपे आहेत. अयमाचे गोत्र ‘वत्स’. लेखात ते ‘वछ’ असे येते. त्स चा छ झाला, हा एक टप्पा. पुढे मराठीत या छ चा स किंवा श झाला : मत्स्य-मच्छ-मासा, क्षेत्र-छेत्त-शेत, छुरिका-सुरी. ‘वत्स’पासून निघालेला आपला शब्द ‘वासरू’ हा आहे. शिलालेखातील ‘वछ’ आणि गोठ्यातील ‘वासरू’ यांच्यामध्ये एवढेच अंतर आहे. जुन्नरच्याच लेण्यांत एका यवन दात्याने ‘बे पोढियो’, म्हणजे पाण्याच्या दोन टाक्या, दान दिल्याचा लेख आहे. त्यातील ‘बे’ हा शब्द बोलण्यातून गेला, पण ‘बे एके बे’ म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी तो अजून जिवंत आहे.

हे लेख राजे, अमात्य व धनिक यांनी कोरविलेले आहेत. संस्कृतच्या मापाने मोजल्यास त्यांतील बहुतेक शब्द ‘अशुद्ध’ ठरतील. तरीही आज आपण त्यांच्याकडे भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून अभिमानाने पाहतो. आणखी एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. वररुचीसारख्या प्राकृत वैयाकरणांनी न च्या जागी सर्वत्र ण करावा असा नियम सांगितला, आणि सातवाहन राजा हाल याच्या नावाशी निगडित ‘गाहा सत्तसई’सारख्या महाराष्ट्री प्राकृतातील काव्यात तो पाळलेला दिसतो. म्हणजे एके काळी सर्वत्र ण हे साहित्यिक भाषेचे लक्षण होते. आज सर्वत्र न हे ग्रामीण बोलीचे लक्षण मानले जाते. ध्वनी स्वतः उच्च किंवा नीच नसतात, हे यावरून लक्षात यावे.

७. ह्रस्व, दीर्घ आणि अनुस्वार

शालेय लेखनात सर्वाधिक गुण कापले जातात ते इ-ई आणि उ-ऊ यांच्या चुकांमुळे. मराठीच्या उच्चारात मात्र ह्रस्व-दीर्घ हा भेद अर्थभेदक नाही. इकार-उकाराची लांबी शब्दातील स्थानानुसार आपोआप ठरते. शब्दाच्या शेवटी तो लांब उच्चारला जातो. त्याच्यापुढे प्रत्यय जोडला की आखूड होतो. ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘सुत’ व ‘सूत’ यांतील भेद मराठी माणूस डोळ्यांनी ओळखतो. कानांनी तो क्वचितच ओळखू शकतो. तेव्हा ‘नीट ऐक म्हणजे नीट लिहिशील’ हा उपदेश येथे निरुपयोगी ठरतो, कारण जे ध्वनीत नाही ते ऐकू येणार कसे ?

लेखनाचे नियम हे भाषेचे निसर्गनियम नसून ते समाजाने ठरविलेले संकेत आहेत, याचे उदाहरण जवळच्या इतिहासातच आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले ते या नियमांमुळे. त्याआधी ‘केळें’ असे न लिहिणारा विद्यार्थी चुकत होता. त्यानंतर तसे लिहिणारा चुकू लागला. विद्यार्थ्याचा उच्चार मात्र दोन्ही वेळी तोच होता.

८. वर्गातील उपयोजन

वरील विवेचनाचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा नाही. परीक्षा, न्यायालय, प्रशासन आणि ग्रंथव्यवहार यांत प्रमाणभाषेचे ज्ञान आवश्यक आहे, आणि ग्रामीण मुलाला त्यापासून दूर ठेवणे हाही अन्यायच होईल. प्रश्न पद्धतीचा आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी शिक्षकांनी विचारात घ्याव्यात, असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे उच्चार आणि लेखन यांचे मूल्यमापन वेगळे ठेवावे. ‘पानी’ असे बोलणारे मूल ‘पाणी’ असे लिहावयास शिकू शकते. जसे ‘येक’ म्हणणारे आपण सर्व ‘एक’ असे लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाला जे येते, त्यावरून जे येत नाही ते शिकवावे. ‘ण म्हण’ असे दटावण्याऐवजी ‘अंडं’ म्हणावयास लावून, ड च्या आधी जीभ कोठे जाते हे त्याला जाणवू द्यावे. त्याच जागेवर जीभ ठेवून ‘पाणी’ म्हणणे सोपे जाते. ‘आळे’मधील ळ चाही असा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे तन-तण, जन-जण यांसारख्या लघुतम युग्मांची कोष्टके वर्गात करून घ्यावीत. वरच्या वर्गांत कर्ण-कान, पर्ण-पान आणि पानीय-पाणी ही साखळी सांगितल्यास कोठे न व कोठे ण याचे मर्म विद्यार्थ्याच्या ध्यानी येते आणि पाठांतराचा भार हलका होतो.

चौथी गोष्ट पश्चिमेकडील आदिवासी भागाविषयी आहे. जुन्नर व आंबेगावच्या सह्याद्रीलगतच्या खोऱ्यांत महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांची वस्ती आहे. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोळी, ठाकरी व कातकरी या बोलींचा विचार कोकणातील मराठीबरोबर केला आहे. या मुलांसाठी घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा यांतील अंतर अधिक आहे. म्हणून शिक्षकाची जबाबदारीही अधिक आहे.

निष्कर्ष

जुन्नर-आंबेगाव परिसरातील मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा विचार करता पुढील मुद्दे समोर येतात. देवनागरी लेखन आणि मराठी उच्चार यांत सर्वत्र एकास-एक संबंध नाही; च, ज, झ यांत एका अक्षराचे दोन ध्वनी आहेत, तर म्ह, न्ह, ल्ह यांत दोन अक्षरांचा एक ध्वनी आहे. बोलीतील ण-न, वे-ये, ओ-व हे बदल नियमबद्ध आहेत. ज्या प्रकारच्या बदलांतून प्रमाण मराठी स्वतः घडली, त्याच प्रकारचे हे बदल आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख या प्रक्रियेची सुमारे २००० वर्षांपूर्वीची साक्ष देतात.

मराठीच्या बोलींच्या अभ्यासाची परंपरा मोठी आहे. झ्यूल ब्लॉक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीच्या घडणीचा इतिहास मांडला, ना. गो. कालेलकर आणि अशोक केळकर यांनी ध्वनिविचाराला शास्त्रीय बैठक दिली, अ. मा. घाटगे यांनी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकमाला सिद्ध केली. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या संयुक्त प्रकल्पातून बोलींचे ध्वनिमुद्रणही झाले आहे. या कामाला गावपातळीवरील नोंदींची जोड मिळाली पाहिजे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याचे लेखन केले, तर तो उत्तम प्रकल्प होईल. आणि ज्या उच्चारांची त्यांना लाज वाटावयास शिकविले गेले, त्यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची दृष्टीही त्यातून त्यांना मिळेल.

दोन हजार वर्षांपूर्वी ‘देयधम’ कोरणाऱ्याची चूक कोणी काढली नाही, म्हणून आज आपल्याला भाषेचा इतिहास वाचता येतो. आजच्या वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला आधी पूर्ण बोलू द्यावे. ‘पाणी’ कसे लिहावे हे त्यानंतर शिकविता येईल.